नागपुरात वाईन टेस्टिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉटेल, बँक्वेट किंवा वाईन शॉपमध्ये काम करणाऱ्यांसाठी आणि या व्यवसायाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. वाईनवरची बहुतेक माहिती थंड देशांत लिहिली जाते आणि नागपूरच्या मे महिन्यात तिचा निम्मा भाग लागू पडत नाही. म्हणून इथे तापमान आणि वास या दोन गोष्टींवर जास्त भर आहे.

वाईन पिणं आणि वाईन टेस्ट करणं यात फरक काय?

पिणारा एकच ठरवतो: आवडली की नाही. टेस्टर आपली आवड बाजूला ठेवतो आणि प्रत्येक वाईन त्याच क्रमाने तपासतो. आधी रंग, मग वास, मग गोडी, आंबटपणा, टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरटपणा), अल्कोहोल, बॉडी (तोंडात जाणवणारा भरीवपणा), आणि शेवटी चव तोंडात किती वेळ टिकते ते. घोट गिळत नाही, थुंकतो.

ऐकायला हे रुक्ष वाटतं, पण या कामाचा खरा आनंद याच शिस्तीतून येतो. नेबियोलो या इटालियन द्राक्षाच्या रेड वाईनचा फिकट विटकरी रंग पाहून हलकी वाईन समोर आहे असं वाटतं, आणि पहिल्याच घोटाला हिरड्या आवळल्या जातात. जुन्या रिसलिंगमध्ये लिंबाच्या मागून पेट्रोलचा वास वर येतो आणि तो दोष नसून त्या द्राक्षाची ओळख असते. चांगली वाईन ग्लासात अर्ध्या तासात दोन-तीनदा बदलते. तो बदल टिपता येणं, त्याचं कारण सांगता येणं आणि समोरच्या ग्राहकाला तो दाखवता येणं यासारखं समाधान या व्यवसायात दुसरं नाही.

टेस्टिंगसाठी नागपुरात कुठली वेळ आणि कुठली खोली चांगली?

सकाळी १० ते १२. नाक ताजं असतं, पोट रिकामं नसतं आणि भरलेलंही नसतं. त्याआधी दोन तास तर्री पोहे, कांदा, लसूण नको. कॉफी आणि मिंटची टूथपेस्ट किमान एक तास आधी थांबवा. खर्रा खाणाऱ्यांना स्पष्ट सांगायला हवं: सुपारीचा तुरटपणा आणि तंबाखूची चव तोंडात असेपर्यंत टॅनिनबद्दलचं तुमचं कुठलंही मत ग्राह्य धरता येत नाही.

खोलीत एसी हवा, तापमान २० ते २२ अंश. कूलर चालणार नाही. ओल्या वाळ्याच्या ताट्यांचा वास उन्हाळ्यात कितीही सुखाचा असला तरी तो खोलीभर पसरतो आणि पांढऱ्या वाईनचे नाजूक वास त्याखाली दबून जातात. लाकडी भुशाच्या पॅडचंही तेच. उदबत्ती, फिनाईलने नुकतीच पुसलेली फरशी, मोगऱ्याचा गजरा, अत्तर, सुगंधी तेल हे सगळं त्या दिवसापुरतं बाहेर. टेबलावर पांढरा कागद किंवा पांढरं कापड, आणि शक्यतो दिवसाचा उजेड. पिवळ्या बल्बखाली लाल वाईनच्या कडेचा रंग चुकीचा दिसतो.

ग्लास कोणता आणि किती ओतायची?

आयएसओ ३५९१ हे टेस्टिंग ग्लासचं मानक १९७७ सालचं आहे. ट्यूलिपच्या कळीसारखा आकार, एकूण क्षमता साधारण २१५ मिली, आणि ओतायची फक्त ५० मिली. तोंडाकडे ग्लास निमुळता असल्याने वास आत साठून राहतो. दर वेळी ५० मिलीच ओता. एका ग्लासात ३० आणि दुसऱ्यात ८० असेल तर दोघांची तुलना होत नाही. ७५० मिलीच्या बाटलीत असे १५ भाग बसतात. गाळ आणि सांडणं धरून १४ जणांचा हिशोब करावा.

ग्लास गरम पाण्याने धुवा. साबण लावलाच तर तीन वेळा खळखळून काढा, कारण साबणाचा थर स्पार्कलिंग वाईनचे बुडबुडे मारतो. ग्लास कपाटात पालथे ठेवू नका, आत लाकडाचा किंवा डांबराच्या गोळ्यांचा वास कोंडतो. ओतण्यापूर्वी रिकामा ग्लास एकदा हुंगण्याची सवय लावून घ्या.

तापमान किती हवं? रेड वाईन ‘रूम टेंपरेचर’ला द्यायची ना?

तो नियम युरोपातल्या थंड घरांचा. तिथे खोली म्हणजे १६ ते १८ अंश. नागपुरात मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास असताना बंद खोलीतली बाटली ३५ अंशांची असते. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात चढतं, फळांचा वास बसतो आणि शिराझसारखी उत्तम रेडसुद्धा गरम काढ्यासारखी लागते.

स्पार्कलिंग ६ ते १० अंश, हलकी व्हाइट आणि रोझे (गुलाबी वाईन) ७ ते १०, पिंपात मुरलेली शार्डोने १० ते १३, पिनो न्वारसारखी हलकी रेड १३ च्या आसपास, भारी रेड १५ ते १८. फार थंड करणंही चूक आहे. ४ अंशांची व्हाइट वाईन वासच देत नाही, आणि थंडाव्यात टॅनिन जास्त कडक लागतं.

घाईत थंड करायची तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, वर मूठभर मीठ. नुसत्या बर्फात बाटली ठेवली तर काचेला बर्फाचे खडे मोजक्या ठिकाणीच टेकतात आणि वेळ दुप्पट लागतो. पाणी बाटलीच्या मानेपर्यंत हवं. रेडला दहा-बारा मिनिटं, व्हाइटला वीस-पंचवीस. अंदाज नको, साधा डिजिटल थर्मामीटर वाईनमध्ये बुडवून पाहा. लक्ष्यापेक्षा दोन अंश कमीवर ओता, कारण ग्लासात गेल्यावर वाईन भराभर तापते.

नेमकं करायचं कसं?

ग्लास पांढऱ्या कागदावर ४५ अंशांत तिरका धरा. मध्यभागाचा रंग आणि कडेचा रंग वेगळे पाहा. लाल वाईनची कड जांभळी असेल तर ती तरुण, विटकरी किंवा तपकिरी असेल तर वयस्क. व्हाइटमध्ये उलट होतं, वयाबरोबर रंग गडद होत सोनेरीकडे जातो.

मग ग्लास न हलवता एकदा वास घ्या. हा पहिला वास महत्त्वाचा, कारण हलवल्यावर अल्कोहोल वर येतं आणि काही दोष लपतात. आता ग्लास टेबलावरच टेकवून तीन-चार वेळा गोल फिरवा आणि छोटे छोटे वास घ्या. एकच दीर्घ श्वास ओढला तर नाक लगेच थकतं. थकलंच तर कॉफीच्या बिया हुंगू नका, आपलाच हात किंवा बाही हुंगा.

घोट १० ते १५ मिली. ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. आवाज होतो, होऊ द्या. वाईन हिरड्यांपर्यंत सगळीकडे फिरवा, पाच-सात सेकंद. थुंकल्यावर घड्याळ बघा: फळाची चव किती सेकंद टिकते? कडूपणा किंवा अल्कोहोलची जळजळ टिकली तर ती मोजू नये.

क्रम असा ठेवा: स्पार्कलिंग, कोरडी व्हाइट, रोझे, हलकी रेड, भारी रेड, शेवटी गोड. नवशिक्यांनी एका बैठकीत सहा ते आठच घ्याव्यात. त्यापुढे नोंदी लिहिल्या जातात, पण त्यांना अर्थ उरत नाही.

आंबटपणा, टॅनिन, अल्कोहोल यांत गोंधळ होतो. सराव कसा करावा?

वाईन न वापरता घरी करता येतो. चार ग्लासांत प्रत्येकी २०० मिली पाणी घ्या. पहिल्यात १ ग्रॅम साखर, दुसऱ्यात १ ग्रॅम लिंबूसत, तिसऱ्यात काहीच नाही. चौथ्यातलं पाणी उकळा, त्यात दोन चमचे चहापत्ती पाच मिनिटं ठेवून गाळा आणि थंड करा, दूध-साखर नको.

साखरेचा ग्लास लिटरला ५ ग्रॅम होतो, म्हणजे कोरड्या वाईनच्या नेहमीच्या मर्यादेच्या जरा वर. बहुतेकांना ही गोडी जेमतेम कळते आणि तिथेच पहिला धडा मिळतो: फळांचा वास गोड असला म्हणजे वाईन गोड असते असं नाही. लिंबूसताने जिभेच्या कडांना पाणी सुटतं, तो आंबटपणा. घोट टाकल्यावर मान खाली घालून पाहा. लाळ जितकी जास्त आणि जितका वेळ, तितका आंबटपणा वरचा. चहाने वरच्या हिरड्या आणि गालाची आतली बाजू कोरडी पडते, ते टॅनिन. लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन चिकटतं म्हणून तो खरखरीतपणा येतो. अल्कोहोलची ऊब घशात आणि छातीत कळते.

मग साखर आणि लिंबूसत एकाच ग्लासात घाला. दोन्ही एकमेकांना झाकतात. वाईनमधला ‘समतोल’ म्हणतात तो इथे दहा रुपयांत कळतो.

पुस्तकात ब्लॅककरंट, गूझबेरी, व्हायोलेट असे वास दिलेले असतात. कधी हुंगलेच नाहीत, मग ओळखणार कसे?

ओळखायची गरज नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या ॲन नोबल यांनी १९८४ मध्ये वासांचं चक्र प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांनी आपल्या भोवतीच्या बाजारातले वास घेतले. नागपूरकराने इतवारीचा किराणा बाजार आणि कॉटन मार्केट घ्यावं.

वाईनमधले बरेच वास ठरावीक रेणूंमुळे येतात आणि तेच रेणू आपल्या ओळखीच्या पदार्थांतही असतात. सॉव्हिन्यों ब्लाँ आणि कॅबर्ने या द्राक्षांच्या वाईनमधला हिरवा वास मेथॉक्सिपायरॅझिनचा. ढोबळी मिरची कापली की तोच येतो. शिराझमधली मिरी रोटंडोनची, आणि काळ्या मिरीतही तेच आहे. गंमत अशी की पाचांपैकी साधारण एका माणसाला रोटंडोन जाणवतच नाही. सहकाऱ्याला मिरी कळली आणि तुम्हाला नाही, तर त्यात कमीपणा नाही. ते नोंदवून ठेवा. नव्या ओक पिंपातून लवंग आणि व्हॅनिला येतात, अमेरिकन ओकमधून खोबरं. मस्कत या द्राक्षाच्या वाईनमध्ये लिनालूल असतं. संत्र्याच्या फुलांतही ते असतं, त्यामुळे अंबिया बहाराच्या वेळी जानेवारी-फेब्रुवारीत काटोल, नरखेडच्या बागेत उभं राहिलेल्या माणसाला मस्कत शिकवावी लागत नाही.

संत्र्याचेच चार वास वेगवेगळे साठवा: फूल, ताजी साल दाबल्यावर उडणारं तेल, वाळलेली साल आणि साखरेत मुरवलेली साल. शेवटचा सोतेर्नसारख्या गोड वाईनमध्ये सापडतो. गडद लाल वाईनसाठी जांभूळ, करवंद आणि काळ्या मनुका वेगळ्या ओळखता यायला हव्यात. लोणी, मध, पेरू, कैरी, ओली माती, दगडफूल यांनाही यादीत जागा आहे.

सराव असा: सहा वाट्या, प्रत्येकीत एक पदार्थ, वर फॉइल लावून दोन भोकं. डोळे मिटून हुंगायचं आणि नाव लिहायचं. मिरी आणि लवंग आधी जरा कुटून घ्या. पहिल्या आठवड्यात सहापैकी तीनच बरोबर येतील. वास ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही. नाक ठीक असतं, अडतं ते शब्दाशी, आणि रोज पाच मिनिटं दिली तर महिन्याभरात ते सुटतं.

‘फाइन वाईन’ म्हणजे महाग वाईन का?

नाही. चार गोष्टी बघतात: समतोल, टिकणारी चव, वासांची तीव्रता आणि गुंतागुंत. किंमत मागणी, उत्पादनाचं प्रमाण आणि आयात शुल्कानेही ठरते. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाईन व्यापाऱ्याने लेबल झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन फ्रेंच परीक्षकांसमोर ठेवल्या. रेडमध्ये स्टॅग्ज लीप वाईन सेलर्सची आणि व्हाइटमध्ये शातो मोंतेलेनाची, दोन्ही १९७३ सालच्या कॅलिफोर्नियन वाईन पहिल्या आल्या. लेबल दिसत असतं तर निकाल तसाच लागला असता असं मानायला जागा नाही.

मग नाशिकच्या वाईन कमी दर्जाच्या समजायच्या का?

सरसकट अजिबात नाही, पण हवामान समजून टेस्ट करा. नाशिकला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. द्राक्षं जानेवारी अखेरपासून मार्चपर्यंत काढतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन वाढलं की साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा उतरतो. म्हणून व्हाइटसाठी लवकर काढणी करतात आणि त्यामुळे हिरवा वास ठळक राहतो. शेनिन ब्लाँ हे द्राक्ष हा तोल चांगला सांभाळतं. लेबलवर २०२५ असेल तर काढणी त्या वर्षाच्या सुरुवातीची, म्हणजे त्याच सालच्या युरोपीय वाईनपेक्षा ती सहा-सात महिन्यांनी मोठी. ताज्या व्हाइटमध्ये हा फरक जाणवतो.

बाटली खराब आहे हे कसं ओळखायचं?

नागपुरात पहिला संशय उष्णतेचा घ्यावा. बूच तोंडाच्या वर आलंय का, कॅप्सूलखाली (बुचावरच्या आवरणाखाली) चिकट ओघळ आहे का, ते फोडण्याआधी बघा. तापलेल्या वाईनला ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मुरंब्याचा वास येतो आणि चव मध्येच तुटते.

ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास म्हणजे टीसीए, बुचातून येणारा दोष. लिटरला काही नॅनोग्रॅम एवढाच पुरतो. सौम्य असेल तर कुबट वास येत नाही, फक्त फळ गायब होतं. हे ओळखणं सर्वांत अवघड. हवा लागली की तो वाढत जातो, त्यामुळे दहा मिनिटांनी पुन्हा हुंगा. सडक्या अंड्याचा किंवा जळक्या काडीचा वास उलट हवेने कमी होतो. ग्लास जोरात फिरवून पाच मिनिटं ठेवला आणि वास गेला, तर वाईन देता येते.

नेलपॉलिश रिमूव्हर किंवा व्हिनेगरचा वास बाष्पशील आम्लाचा. व्हाइट वाईन तपकिरी पडून कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी लागली तर ऑक्सिडेशन, म्हणजे हवा लागून बिघडणं. तबेल्याचा किंवा बँड-एडचा वास ब्रेटॅनोमायसिस या यीस्टचा. थोडासा असेल तर काही जण तो गुण मानतात, आमच्या मते फळ झाकलं गेलं की तो दोषच. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसले तर ते टार्टरिक आम्लाचे क्षार, निरुपद्रवी. ग्राहक यावरून बाटली परत करतात, तेव्हा शांतपणे समजावून सांगा.

ब्लाइंड टेस्टिंगचा सराव दोघा-तिघांत कसा करायचा?

त्रिकोणी चाचणी करा. तीन ग्लास, दोघांत एकच वाईन, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या नशिबाने तीनांत एकदा बरोबर येतं, म्हणून १२ फेऱ्यांत किमान ८ बरोबर आल्याशिवाय फरक कळतो असं म्हणू नका. रंग फसवतो हेही लक्षात ठेवा: बोर्दो इथे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात व्हाइट वाईनला लाल रंग दिल्यावर वाईन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं होतं. बाटल्या पूर्ण मोज्यात झाका, मान उघडी राहिली तर आकारावरून प्रदेश कळतो.

नोंद कशी लिहायची?

थोडक्यात आणि दर वेळी त्याच क्रमाने. नमुना, एका तरुण सॉव्हिन्यों ब्लाँचा: “फिकट लिंबूसर, कडेला हिरवट. वास स्वच्छ, मध्यमहून तीव्र: पेरू, कैरी, ढोबळी मिरची, पिंपाचा वास नाही. कोरडी, आंबटपणा वरचा, अल्कोहोल मध्यम, बॉडी हलकी. चव ७ सेकंद. चांगली, गुंतागुंत कमी. याच वर्षी प्यावी.” ‘छान’, ‘स्मूथ’, ‘रॉयल’ असले शब्द टाळा, सहा महिन्यांनी वाचल्यावर त्यातून वाईन आठवत नाही.

सावजीबरोबर कुठली वाईन सुचवावी?

तिखट आणि अल्कोहोल जळजळीच्या एकाच संवेदनेला चिथावतात, आणि टॅनिन त्यात कडूपणा घालतं. १४ टक्के अल्कोहोलची ओकमधली शिराझ सावजी मटणासोबत दोघांचंही नुकसान करते. किंचित गोडसर शेनिन ब्लाँ, १२ टक्क्यांच्या आत, ८ अंशांवर. किंवा स्पार्कलिंग रोझे. रेडच हवी असेल तर कमी टॅनिनची, १३ अंशांपर्यंत थंड केलेली. संत्रा बर्फीसोबत लेट हार्वेस्ट (उशिरा काढलेल्या द्राक्षांची) गोड वाईन द्या, पण तुकडा छोटा ठेवा: वाईनपेक्षा मिठाई गोड झाली की वाईन आंबट आणि पातळ लागते.

बाटल्या कुठे ठेवायच्या?

१२ ते १४ अंश, अंधार, बाटली आडवी. माळा, ओट्याशेजारचं कपाट आणि फ्रिजचा माथा या घरातल्या सर्वांत वाईट जागा. वाईन फ्रिज घेताना मागच्या लेबलवरचा क्लायमेट क्लास वाचा. ‘एन’ वर्ग बाहेरच्या ३२ अंशांपर्यंतच काम करतो, ‘एसटी’ ३८ पर्यंत, ‘टी’ ४३ पर्यंत. नागपुरासाठी ‘टी’ घ्या आणि तोही घरातल्या थंड खोलीत ठेवा. कॉम्प्रेसर नसलेले थर्मोइलेक्ट्रिक फ्रिज खोलीच्या तुलनेत ठरावीक अंशच खाली जातात. मे महिन्यात ते दिवसभर चालूनही २० च्या खाली येत नाहीत. वाईन फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दोन-तीन महिने चालतं.

नाशिकहून स्वतःच्या गाडीने आणल्या तर?

दोन अडचणी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत वाईन काही तासांत शिजते. समृद्धीवरून येत असाल तर बाटल्या थर्माकोलच्या पेटीत, सीटजवळ, एसीत ठेवा आणि शक्यतो रात्री निघा. दुसरी अडचण कायद्याची: वाटेत लागणाऱ्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. निघण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून वाहतुकीचे नियम विचारून घ्या. सोपा मार्ग म्हणजे नागपुरातल्या परवानाधारक दुकानातून ऑर्डर देणं, आणि त्यांच्या गोदामात एसी आहे का ते विचारणं.

वय आणि परवाना?

महाराष्ट्रात वाईनसाठी किमान वय २१, सोबत मद्यसेवनाचा परवाना. तिकीट लावून टेस्टिंग ठेवायचं असेल तर त्या कार्यक्रमाची वेगळी परवानगी काढावी लागते.

औपचारिक शिक्षण कुठलं घ्यावं?

लंडनच्या डब्ल्यूएसईटी या १९६९ साली स्थापन झालेल्या संस्थेचे अभ्यासक्रम हॉटेल व्यवसायात सर्वाधिक ओळखले जातात. लेव्हल २ ला ५० बहुपर्यायी प्रश्न, एक तास. लेव्हल ३ ला लेखी परीक्षेशिवाय दोन वाईन लेबल न बघता ठरलेल्या पद्धतीने तपासायच्या असतात, ३० मिनिटांत. तिथे नोंद त्यांच्याच ठरलेल्या शब्दांत लिहावी लागते, त्यामुळे आपली जांभूळ-करवंदाची वही आणि परीक्षेची यादी समोरासमोर मांडून ठेवा. या क्षेत्रातल्या सर्वांत मानाच्या पदव्यांपैकी एक, मास्टर ऑफ वाईन, वेगळी संस्था देते. भारतात ती पहिल्यांदा सोनल हॉलंड यांनी २०१६ मध्ये मिळवली.

थुंकलं तर अल्कोहोल अजिबात लागत नाही ना? आणि दातांचं काय?

तोंडातून थोडं शोषलं जातंच, थोडं गिळलंही जातं. बैठकीनंतर स्वतः गाडी चालवू नका. थुंकायचा सराव बाथरूममध्ये पाण्याने करा: ओठ घट्ट गोल, गाल दाबून एकच सरळ धार. बादलीत तळाशी लाकडाचा भुसा ठेवला तर शिंतोडे उडत नाहीत. आंबट वाईनने दातांचं एनॅमल मऊ पडतं, म्हणून लगेच ब्रश करू नका. साध्या पाण्याने चुळा भरा आणि तासाभराने ब्रश करा.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

बूच लावून फ्रिजमध्ये, रेडसुद्धा: तीन ते पाच दिवस. अर्ध्याहून कमी उरली असेल तर छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, आत हवा कमी राहते. स्पार्कलिंगला तिच्यासाठीचं खास पकडीचं झाकण लावा, एक ते तीन दिवस. महागड्या बाटलीसाठी कोराव्हिनसारखं यंत्र बुचातून सुई घालून वाईन काढतं आणि जागी आर्गॉन भरतं. अशी बाटली कित्येक आठवडे चालते, फक्त तीही थंड जागीच ठेवावी लागते. फ्रिजमधून काढलेली रेड देण्याआधी वीस मिनिटं बाहेर ठेवा. मे महिन्यात दहा पुरे.